वाचक विचारतात : कादंबरीतला प्रश्न मुलांचा स्वतःचा केव्हा होतो?

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत कुमारवयीन मुलांच्या कादंबरीवाचनाविषयीची पत्रे बरीच आहेत. ती बुलडाण्यापासून भंडाऱ्यापर्यंतच्या विदर्भातल्या खेड्यांतून आली असली, तरी त्यांतली अडचण बहुतेक एकच आहे. मुले कादंबरी वाचतात किंवा ऐकतात, गोष्ट त्यांना आवडतेही. पण तिचा आपल्या जगण्याशी काही संबंध आहे असे त्यांना वाटत नाही, किंवा वाटले तरी ते सांगता येत नाही. म्हणून या अंकात केवळ याच विषयावरच्या पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आदरणीय बाई, मी दर्यापूर तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये नववी-दहावीला मराठी शिकवते. यंदा पाठ्यपुस्तकाबाहेरची एक तरी कादंबरी वर्गात पूर्ण वाचायची असे ठरवून ‘बनगरवाडी’ घेतली. मुले कान देऊन ऐकतात, पुढे काय झाले म्हणून व्हरांड्यात गाठून विचारतात. पण ‘या कादंबरीतले तुमच्या आयुष्याशी काय जुळते?’ असे लिहायला सांगितले, की सगळ्या वह्यांत एकच वाक्य येते : ‘या कादंबरीतून आम्हाला कष्टाचे व एकीचे महत्त्व कळते.’ यांतली निम्मी मुले सकाळी वावरात काम करून शाळेत येतात. त्यांनाही खरोखर काही जुळत नसेल का?
— एक शिक्षिका, जि. अमरावती

उत्तर : जुळते, आणि पुष्कळ जुळते, परंतु आपण विचारलेल्या प्रश्नाचे शाळेत चालणारे उत्तर कोणते, हे त्या मुलांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पाठाखाली ‘स्वमत’ या शीर्षकाचा प्रश्न असतो, त्याचे उत्तर गाईडमध्ये छापलेले मिळते, आणि स्वतःचे मत दुसऱ्याच्या शब्दांत पाठ करून लिहिण्याची सवय दहावीपर्यंत अंगवळणी पडते. अशा मुलाला ‘तुझ्या आयुष्याशी काय जुळते?’ असे एकदम विचारले, की तो आपल्या आयुष्याकडे न पाहता बाईंना काय हवे असेल याचा अंदाज बांधू लागतो. त्याची यात काही चूक नाही. प्रश्न एवढा मोठा आणि एवढा उघडा आहे, की मोठ्या माणसालाही त्याचे सरधोपट उत्तरच सुचेल.

माझी पहिली सूचना अशी, की ‘आशय’, ‘संदेश’, ‘बोध’ हे शब्द काही आठवडे वर्गात उच्चारूच नयेत. कष्ट, एकी, गरिबी ही विषयांची नावे आहेत. कष्ट चांगले की वाईट यावर कोणाचे दुमत नसते, आणि जिथे दुमत नाही तिथे चौदा वर्षांच्या मुलाला बोलण्यासारखे काही उरत नाही. कादंबरीतल्या माणसाने अडचणीत सापडून काहीतरी ठरवले, आणि ते ठरवणे बरोबर होते की नाही हे वाचणाऱ्याला सहजी सांगता येत नाही, अशा जागी मूल थांबते. त्या जागा शिक्षकाने आधी वाचून हेरून ठेवाव्यात. संपूर्ण कादंबरीत अशा चार-पाच जागा मिळाल्या तरी पुरे.

‘बनगरवाडी’तलीच एक जागा घेऊ. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातल्या मेंढपाळांच्या एका वस्तीवर शिकवायला आलेला तरुण मास्तर ती सांगतो. तीत शेकू नावाच्या शेतकऱ्याकडे औताला बैलांची जोडी पुरी होत नाही, पेरणी तर थांबत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाशेजारी स्वतःच्या खांद्यावर जू घेते. हा प्रसंग मी माझ्या शाळेत नववीला वाचून दाखवला आणि ‘शेकूने हे होऊ द्यायला हवे होते का?’ एवढेच विचारले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग खिडकीजवळच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘बाई, आमच्या इथं बैल नाहीत. माय सायकल डवरा लोटते.’ पुढे सायकलचे चाक आणि मागे पास म्हणजे लोखंडी पाते बसवलेले ते अवजार आता आपल्याकडे घरोघरी दिसते. बैलजोडी भाड्याने आणणे परवडत नाही तिथे पराटीच्या म्हणजे कपाशीच्या दोन तासांमधून ते माणसानेच ढकलत न्यायचे असते. त्या मुलाला हे सांगताना लाज वाटली नाही, कारण मी त्याला त्याच्या घराबद्दल विचारले नव्हते. शेकूबद्दल विचारले होते.

लगेच मागच्या रांगेतल्या एका मुलीने प्रश्न केला, ‘त्या बाईला कोणी विचारलं होतं का?’ याचे उत्तर शिक्षकाने देऊ नये, असे मला ठामपणे वाटते. पुस्तक तिच्या हाती दिले आणि तेवढी पाने पुन्हा मोठ्याने वाचायला सांगितली : शेकू काय बोलतो, त्याची बायको काय बोलते, पाहणारा मास्तर काय करतो आणि काय करत नाही. वाचून झाल्यावर वर्गाचे दोन तट पडले. काहींच्या मते तिने घर वाचवले. काहींच्या मते अशी पाळी तिच्यावरच का आली, हे गावातल्या कोणी तरी विचारायला हवे होते. एका मुलाने तर मास्तरालाच जाब विचारला, की हा शिकलेला माणूस नुसता बघत का राहिला?

दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची आहे. ज्या मुलाने साम्य सांगितले त्याच्याकडून फरकही काढून घ्यावा. ‘आमच्याकडेही असेच होते’ या वाक्यावर मुले समाधानाने थांबतात, आणि बहुतेक शिक्षकही तिथेच शाबासकी देऊन पुढचा धडा उघडतात. परंतु विचाराला सुरुवात होते ती ‘मग आमच्याकडे वेगळे काय आहे?’ या प्रश्नापासून. सायकल डवऱ्याबद्दल बोललेल्या मुलाला मी हाच प्रश्न घरी नेऊन विचार करायला सांगितला. त्याने वहीत लिहिले ते साधारण असे होते : शेकूची जोडी अपुरी पडली ती त्या पेरणीपुरती, आमची जोडी चाराटंचाईत विकली, पेरणी ट्रॅक्टरने होते, पण डवरणीला ट्रॅक्टर पराटीत जात नाही आणि त्यासाठी जोडी पुन्हा घेणे होत नाही, म्हणून मायचे काम दरवर्षीचे झाले. पुस्तकात त्या बाईकडे सगळे थांबून पाहतात, आमच्याकडे कोणी पाहत नाही कारण सगळ्यांच्याच घरी तसे आहे. नववीतल्या मुलाने हे लिहिले. त्यात ‘कष्टाचे महत्त्व’ हे शब्द कुठेही नाहीत.

तिसरे म्हणजे, मुलाला स्वतःच्या अनुभवावर बोलू देतानाच पुस्तकाकडे परत आणत राहावे. लुईस रोझेनब्लॅट या अमेरिकी अभ्यासिकेने १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले होते, की वाचकाचा अनुभव आणि समोरचा मजकूर यांच्या देवघेवीतून अर्थ घडतो; मात्र कोणताही अर्थ चालेल असे त्यांचे म्हणणे नव्हते, मजकुराचा आधार ज्याला आहे तो अर्थ अधिक ग्राह्य, यावर त्यांचा भर होता. आपल्या वर्गात हा तोल सांभाळणे अवघड जाते, कारण मूल एकदा आपल्या घराबद्दल बोलू लागले की त्याला मध्येच तोडणे निष्ठुरपणाचे वाटते. तोडू नये; त्याचे बोलणे पुरते ऐकावे आणि मग ‘हे तू सांगितलेस, आता असेच शेकूच्या बायकोला वाटत असेल असे दाखवणारी ओळ सापडते का?’ असे विचारावे. ओळ सापडली नाही तरी चालेल. ती शोधताना मूल पुस्तक दुसऱ्यांदा वाचते, आणि हे वाचन पहिल्यापेक्षा खोल असते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू झाली, की वर्गातली हजेरी, विशेषतः मुलींची, कमी होते. म्हणून कादंबरी श्रावणात सुरू करून दसऱ्याच्या आत संपवावी. ‘बनगरवाडी’ लहान आहे, तेवढ्यात बसते. शेवटी दुष्काळात वस्ती उठून जाते, ती पाने घाईत उरकू नयेत. आपल्या वर्गातल्या कित्येक मुलांचे मोठे भाऊ पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत गेलेले असतील. ‘वस्ती सोडून जाणाऱ्यांना दोष द्यावा का, आणि मागे राहणाऱ्याने काय करावे?’ हा प्रश्न त्या मुलांना कोणी शिकवावा लागणार नाही.

प्रश्न : महोदया, मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. आमच्या मराठीच्या सरांना दहावीच्या वर्गात ‘बारोमास’मधील काही प्रकरणे वाचून घ्यायची आहेत व मुलांना शेतीच्या अनुभवांवर लिहायला लावायचे आहे. त्याच वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी दोन वर्षांपूर्वी आत्महत्या केली. आणखीही काही घरांची परिस्थिती आम्हाला ठाऊक आहे. मुलांच्या जखमा उघड्या पाडण्याचा अधिकार शाळेला आहे काय? मी परवानगी द्यावी की नाही?
— एक मुख्याध्यापक, जि. यवतमाळ

उत्तर : परवानगी द्यावी, परंतु अटींसह, आणि त्या अटी सरांना आधी नीट समजावून सांगाव्यात.

सदानंद देशमुखांच्या या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती बुलडाणा भागातल्या शेतकरी कुटुंबाची गोष्ट आहे. तिचा नायक एकनाथ उच्चशिक्षित आहे. नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे भरता येत नाहीत म्हणून तो शेतीतच राहतो, आणि शिक्षणाने त्याला शेतीत सुख लागत नाही, शेतीने शिक्षणाचे चीज होत नाही. दहावीच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी याहून जवळचा प्रश्न शोधून सापडणार नाही. ‘शिकून काय करायचे?’ हे आपल्याकडची मुले एकमेकांना रोज विचारतात. वर्गात तेवढे विचारत नाहीत. त्यामुळे पुस्तक कपाटात बंद करणे हा मार्ग मला पटत नाही. त्या मुलाच्या घरी जे घडले ते गावात सर्वांना माहीत आहे. शाळा त्या विषयाभोवती फक्त गप्प राहिली, तर हे बोलण्याजोगे नाही, लाजिरवाणे आहे, असाच अर्थ तो घेईल.

पहिली अट : वाचन सुरू होण्याच्या पुष्कळ आधी सरांनी त्या मुलाशी एकांतात बोलावे. कोणते पुस्तक आहे, त्यात काय येते हे सांगावे, आणि वाचनाला बसायचे, ग्रंथालयात वेगळे पुस्तक वाचायचे, की बसून काहीच लिहायचे नाही, यातले काय करायचे ते त्याला ठरवू द्यावे. त्याच्या आईलाही कल्पना द्यावी. दुसऱ्या मुलांसमोर ‘तुला चालेल ना?’ असे चुकूनही विचारू नये.

दुसरी : लेखनाचा विषय कधीही ‘माझ्या घरचा अनुभव’ असा असू नये. एकनाथाने शेती सोडावी का, आपण त्याचे मित्र असतो तर त्याला काय सल्ला दिला असता, आपल्या गावातल्या पदवीधर मुलांनी कोणते मार्ग धरले आणि त्यांतला कोणता एकनाथाला उघडा होता, असे विषय द्यावेत. ज्याला स्वतःचे लिहायचे आहे तो या आडोशाने लिहील. ज्याला लिहायचे नाही त्याला लपायला जागा राहील. मुलांच्या वहीत मी डावे पान पुस्तकासाठी आणि उजवे पान स्वतःसाठी ठेवायला सांगत असे. उजवे पान दुमडून ठेवले असेल तर ते शिक्षकाने वाचायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला आणि कसोशीने पाळला, की मुलांचा विश्वास बसतो. गुण द्यायचेच असतील तर डाव्या पानाला द्यावेत. कोणी किती दुःख उघड केले यावर गुण देणे हे मला अनैतिक वाटते.

तिसरी : कोणत्याही मुलाचे वैयक्तिक लिखाण स्नेहसंमेलनात, हस्तलिखितात किंवा पाहुण्यांसमोर वाचून दाखवू नये, त्याने होकार दिला तरीही. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला आपल्याकडे आधीच पुष्कळांसमोर उभे राहावे लागते. १ लाख रुपयांच्या सरकारी मदतीसाठी त्या मृत्यूची चौकशी होते आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते. ज्या मुलाने आपल्या बापाविषयी हे शब्द ऐकले आहेत, त्याच्याकडून शाळेने आणखी एक निवेदन मागू नये.

आणि चौथी, जिच्यात तडजोड नाही : एखाद्याच्या लिखाणात किंवा बोलण्यात ‘मी नसलो तर बरे’ असा सूर आला, तर दुमडलेल्या पानाचा नियम तिथे संपतो, हे मुलांना आरंभीच सांगून ठेवावे. अशा वेळी गुप्ततेचे वचन देऊ नये, मुलाला एकटे सोडू नये, शांतपणे थेट विचारावे, घरच्या विश्वासातल्या माणसाला त्याच दिवशी बोलावावे आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाशी संपर्क साधावा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ आणि अडचणीतल्या मुलांसाठीच्या मदतसेवेचा १०९८ हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत. ते शिक्षक-खोलीत नव्हे, मुलांना दिसतील अशा भिंतीवर लिहावेत.

मुख्याध्यापक म्हणून आपण विचारलेला अधिकाराचा प्रश्न योग्य आहे. मुलाचे दुःख उघडे पाडण्याचा अधिकार शाळेला मुळीच नाही. त्याच्यासारख्याच घरातल्या माणसांविषयी लिहिलेले चांगले पुस्तक त्याच्यापर्यंत पोचवणे मात्र शाळेचे काम आहे, आणि ही दोन्ही कामे एकाच तासाला नीट करता येतात.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी दहावीत आहे. आम्हाला ‘श्यामची आई’ वाचून ‘श्यामची आई आणि माझी आई’ असे लिहून आणायला सांगितले. सगळ्यांनी लिहिले, की माझी आई अगदी श्यामच्या आईसारखीच आहे. माझी आई तशी नाही. ती खूप चिडते, पावसाळ्यात भाताच्या रोवणीला जाते, आल्यावर तिला बोलायलाही होत नाही. श्यामच्या घरी सावकाराचा माणूस येतो, आमच्याकडे दर आठवड्याला गटाच्या कर्जाच्या हप्त्याची बैठक असते, तेव्हा ती कोणाकोणाकडे पैसे मागायला जाते आणि मला पाठवत नाही. मला काहीच जुळले नाही, म्हणून मी काही लिहिले नाही. मी काय लिहू?
— एक विद्यार्थिनी, जि. भंडारा

उत्तर : प्रिय मुली, तू जे मला लिहिलेस तेच वहीत लिही. तुझ्या चार ओळींत जेवढे आले आहे, तेवढे ‘अगदी श्यामच्या आईसारखीच’ असे लिहिणाऱ्या बहुतेक वह्यांत येणार नाही.

तुला जुळले नाही असे तुला वाटते, पण तू स्वतःच एक जोड लावून दाखवली आहेस. साने गुरुजींच्या त्या पुस्तकात कर्जाविषयीचे एक प्रकरण आहे, त्यात सावकाराचा माणूस वसुलीला घरी येतो आणि आईला त्याचे बोलणे ऐकावे लागते. ते वाचताना तुला तुमच्या घरची बैठक आठवली. आता तू त्या दोन्हींकडे नीट बघ. श्यामच्या घरी कर्ज वडिलांच्या नावाचे आहे, तरी अपमान आईला सोसावा लागतो. तुमच्याकडे गटाचे कर्ज बहुधा आईच्याच नावावर असेल, आणि हप्ता भरायची जबाबदारीही तिचीच. श्यामला ते सगळे दिसते. तुझी आई तुला सोबत नेत नाही, म्हणजे ते तुला दिसू नये असे तिला वाटते. मुलांना घरची अडचण दिसू द्यावी की लपवावी? तुझे यावर मत असणारच, कारण ज्याच्यापासून लपवले जाते ते मूल तूच आहेस. माझे मत मी इथे मुद्दाम देत नाही.

अजून एका गोष्टीकडे तुझे लक्ष वेधते. हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातला श्याम मोठा झालेला आहे. आश्रमातल्या मित्रांना तो रात्री-रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो, आणि ती आई आता या जगात नाही. गेलेल्या आईला आठवणारा मुलगा आणि रोवणीवरून दमून आलेल्या आईच्या शेजारी जेवायला बसलेली मुलगी, या दोघांना आई सारखी कशी दिसेल? श्यामलाही लहानपणी आईचा राग आला आहे, तिने त्याला मारलेही आहे. पोहायला जायला तो भीत होता तो प्रसंग पुन्हा वाच. तुला तिथे चिडणारी आई सापडेल. ती तुझ्या आईसारखी आहे की नाही हे मग ठरव, आणि नसेल तर ‘नाही’ असे कारणासह लिही. ‘जुळत नाही’ हे पुस्तकाविषयीचे पूर्ण उत्तर आहे, फक्त कुठे आणि का जुळत नाही हे सांगावे लागते. रुडीन सिम्स बिशप नावाच्या अमेरिकी अभ्यासिकेने १९९० साली लिहिले होते, की मुलांना पुस्तक कधी आरशासारखे तर कधी खिडकीसारखे भेटते. श्यामच्या पालगडच्या घरात तुला स्वतःचा चेहरा दिसलाच पाहिजे अशी सक्ती तुझ्यावर कोणी करू शकत नाही.

तुझ्या सरांना किंवा बाईंना हे पान दाखवायला हरकत नाही. दाखवायचे नसेल तर बैठकीची हकिगत वगळून फक्त रोवणीचे आणि चिडण्याचे लिही. घरातले किती सांगायचे ते तू ठरवायचे.

प्रश्न : दहावीचे वर्ष आहे, बोर्डाची परीक्षा आहे, आणि शाळा मुलाला कादंबऱ्या वाचायला लावते. त्याने मार्क वाढणार आहेत का?
— एक पालक, जि. वर्धा

उत्तर : काही प्रमाणात वाढतील. अनोळखी उतारा वाचून उत्तरे लिहिणे आणि स्वतःचे मत कारणे देऊन मांडणे हे मराठीच्या प्रश्नपत्रिकेत असतेच, आणि ज्या मुलाने वर्षभर पानावर बोट ठेवून मत मांडायचा सराव केला त्याला ते जड जात नाही. परंतु मार्कांसाठी एवढा खटाटोप करावा असे मी सांगणार नाही. आपला मुलगा येत्या दोन-तीन वर्षांत शेती करायची की शिकायला बाहेर पडायचे, कोणाचे ऐकायचे, कशासाठी कर्ज काढायचे, हे सगळे ठरवणार आहे. तोवर वेगवेगळ्या माणसांनी अशा वेळी काय केले आणि त्यांचे काय झाले, हे त्याने वाचलेले आणि त्यावर आपल्याशी वाद घातलेला असावा, एवढी माझी इच्छा आहे. शक्य झाले तर तो वाचतो त्यातला एखादा प्रसंग रात्री जेवताना त्याला सांगायला लावा, आणि आपले मतही त्याला सांगा. पालकांनी मत दिल्यावर मुलाच्या वहीत जे येते, ते वर्गात कोणत्याही शिक्षकाला लिहवून घेता येत नाही.

प्रश्न : मी चिखली तालुक्यातील एका गावात ‘ड’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय सांभाळतो. सुटीच्या दिवशी शाळेतली दहा-बारा मुले येतात. ‘धग’ची एकच प्रत आहे, तीही जुनी. मी मोठ्याने वाचायला लागलो, की वऱ्हाडी संवाद आले म्हणून मुले हसतात, आणि चर्चेत मात्र पुस्तकी भाषेत बोलायच्या धडपडीत गप्प होतात. काय करावे?
— एक ग्रंथपाल, जि. बुलडाणा

उत्तर : एक प्रत पुरते, उलट मोठ्याने वाचायला तीच बरी. वाचणारे मात्र आपण एकटे असू नये. निवेदन आपण वाचावे आणि कौतिक ही नायिका आणि तिचा नवरा महादेव यांचे बोलणे मुलांना वाटून द्यावे. पहिल्या दिवशी हसू येईल, कारण आपल्या घरातली बोली छापलेली पाहण्याची त्यांना सवय नाही. छापलेले ते शुद्ध आणि बोललेले ते गावंढळ, असे त्यांच्या मनावर बिंबलेले असते. हसण्यावर रागवू नये. उद्धव शेळक्यांनी १९६० साली ही कादंबरी लिहिताना कौतिकच्या तोंडी तिचीच भाषा ठेवली, आणि मराठीतल्या उत्तम कादंबऱ्यांत आज ती गणली जाते, एवढे सांगून पुढे वाचावे. कौतिकचे बोलणे जी मुलगी घरच्या आवाजात वाचू लागेल, ती वाचता वाचता कौतिकची बाजू घेऊ लागेल. हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

चर्चा वऱ्हाडीतच होऊ द्यावी. ‘महादेव असा कामून वागते?’ या प्रश्नावर मुले भांडतील, तेवढे त्यांना भांडू द्या. प्रमाण मराठीत लिहायचे ते नंतर, आणि तेही सगळ्यांनी लिहिलेच पाहिजे असे नाही; वाचनालय ही शाळा नव्हे. कौतिकचा संसार मोडू नये म्हणून चाललेला झगडा लांबलचक आहे आणि दुःखाचा आहे, त्यामुळे एका बैठकीत एक-दोन प्रकरणांपलीकडे जाऊ नये आणि प्रत्येक वेळी मुलांना उठण्यापूर्वी एकच प्रश्न देऊन पाठवावे : कौतिकने आता काय करावे? पुढच्या रविवारी त्यांचे अंदाज ऐकून मगच पान उलटावे. ज्यांचा अंदाज चुकतो ती मुले कौतिकवर चिडतात, आणि का चिडलो हे सांगताना आपल्या आजीचे, मावशीचे, शेजारणीचे उदाहरण आपोआप देतात.

जुन्या प्रतीची पाने सुटू लागली असतील, तर वाचन सुरू करण्याआधी ती जाड दोऱ्याने शिवून घ्यावी. मुलांच्या हाती फिरणाऱ्या पुस्तकाला चिकटपट्टी टिकत नाही, आणि उन्हाळ्यात तर ती पानासकट निघून येते.